एकसारख्या चुका

मी जो विषय शिकवत होते तो लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या बाईला समजावून सांगता येत नाही. "मॅथ्स शिकवता का?" "नाही." "मग सायन्स?" "नाही, रीझनिंग." यानंतर ती बाई सहसा मठ्ठ्याची वाटी माझ्याकडे सरकवते आणि पलीकडच्या बाईशी बोलायला लागते. वर्ध्याला माझा भाऊ सरळ सांगून टाकतो, "ताई जयपूरला कोड्यांची शिकवणी घेते." मी त्याला दुरुस्त करणं सोडून दिलं आहे. तसं ते फार चूकही नाही.

जयपूरला आलो ते माझ्या यजमानांच्या बदलीमुळे. ते रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. थोडे दिवस काढू आणि परत जाऊ म्हणून आलो आणि राहूनच गेलो. मुलगी ऋचा इथेच वाढली. तिच्या मराठीत 'मतलब' आणि 'भैया' इतके असतात की भाऊ तिच्याशी मुद्दाम हिंदीतच बोलतो. प्रताप नगरमध्ये आम्ही हाउसिंग बोर्डाचं घर घेतलं आणि घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावरच्या एका क्लासमध्ये मी शिकवायला लागले. खाली कचोरीचं दुकान, पहिल्या मजल्यावर कपड्याच्या गाठोड्यांचं गोदाम आणि दुसऱ्यावर आम्ही. सकाळच्या तुकडीला डाळीच्या सारणाच्या वासात शिकावं लागे. उपाशीपोटी आलेल्या मुलांचं लक्ष लागत नसे आणि मी त्यांना दोष देत नसे.

बँक, रेल्वे, राज्य सरकारची कारकुनी, अशा परीक्षांना बसणारी मुलं आमच्याकडे यायची. त्यात नातेसंबंधांची कोडी असतात, गोल टेबलाभोवती माणसं बसवायची असतात, उत्तरेला चालून डावीकडे वळायचं असतं. पण माझा जीव होता तो 'डेटा सफिशियन्सी'वर. मराठीत माहितीची पर्याप्तता म्हणता येईल. मुलं नुसतं 'डीएस' म्हणायची.

हा प्रकार असा असतो. एक प्रश्न दिलेला असतो आणि खाली दोन विधानं. प्रश्नाचं उत्तर काढायचंच नसतं. उत्तर काढण्यापुरती माहिती आहे की नाही, एवढंच सांगायचं असतं. फक्त पहिलं विधान पुरतं, फक्त दुसरं पुरतं, दोघांपैकी कुठलंही एक पुरतं, दोन्ही मिळून पुरतात, की दोन्ही मिळूनही पुरत नाहीत? समजा, विचारलंय की मीना राधापेक्षा मोठी आहे का. पहिलं विधान सांगतं, मीना रेखापेक्षा मोठी आहे. दुसरं सांगतं, राधाही रेखापेक्षा मोठी आहे. दोन्ही वाचून तुम्हाला पुष्कळ कळल्यासारखं वाटतं. पण रेखा दोघींहून लहान, एवढंच कळलेलं असतं. मीना आणि राधा जिथल्या तिथे. उत्तर लिहायचं, 'दोन्ही मिळूनही अपुरी.'

ऐकायला सोपं आहे. करायला गेलं की माणसाच्या सगळ्या सवयी आड येतात. पहिलं विधान वाचून झाल्यावर दुसरं तपासताना पहिलं पूर्ण विसरायचं असतं, आणि ते कुणाला जमत नाही. पदरची माहिती मिसळायची नसते, आणि ती न मिसळता कुणाला राहवत नाही. मी स्वतःच शिकवायला लागले त्या आठवड्यात फळ्यावर लिहिलं होतं, 'सुमन ही रमेशची कोण?' आणि सुमनला बेधडक बहीण करून मोकळी झाले होते. मागच्या बाकावरून भरघोस मिशांचा एक मुलगा उठला आणि अदबीनं म्हणाला, "मॅम, मेरा नाम सुमन है." वर्गात जो हशा पिकला तो ओसरेपर्यंत मी खडू हातात धरून उभी होते. वर्ध्यात सुमन म्हणजे मावशी किंवा आत्या. इथे सुमन मिशा ठेवतो. त्यानंतर नावावरून बाई-पुरुष ठरवायचं नाही हे शिकवायला मला दुसरं उदाहरण शोधावं लागलं नाही. सुमनला उभं करायचं की झालं.

फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार यायचे, माजी सैनिकांच्या जागेवर बँकेत लागण्यासाठी. माहिती पुरेशी आहे हे कळल्यावरही ते गणित शेवटपर्यंत सोडवायचे आणि वेळ संपायचा. मी रोज सांगायचे, "सुभेदारसाहेब, उत्तर नको आहे. पुरतं का एवढंच सांगा." ते मान हलवायचे आणि परत सोडवायला लागायचे. एकदा वैतागून म्हणाले, "मॅडमजी, नेम धरायचा, घोड्यावर बोट ठेवायचं आणि मग बंदूक खाली ठेवून द्यायची? हात ऐकत नाहीत." शेवटी ते डीएसचे प्रश्न सोडून देऊन बाकीच्या विभागांवर पास झाले आणि बँकेत लागले. तिथे आता सगळी गणितं शेवटपर्यंत सोडवत असतील.

पण लिहायचं आहे ते भगवतीबद्दल.

ती आमच्याकडे वर्षाच्या मध्येच आली. चौमूच्या पुढचं गाव. वडील कानाराम, जयपूरच्याच दुसऱ्या टोकाला विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात एका कारखान्यात लेथ मशीन चालवायचे आणि गावातल्या चार माणसांबरोबर एका खोलीत राहायचे. त्या खोलीत मुलीला ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून ती प्रताप नगरात दोन मुलींबरोबर भाड्याने राहायची. उंच, सावळी, बोलणं तुटक. तिची सोयरीक लहानपणीच ठरलेली होती आणि मुलाकडची माणसं आता लग्नाची घाई करत होती. हे मला तिच्या खोलीतल्या मुलींकडून कळलं. ती स्वतः घरचं काही सांगायची नाही.

आमच्या क्लासमध्ये एक खास तुकडी असे. दिवाळीच्या सुमारास सगळ्यांची चाचणी घ्यायची, त्यातून वरची मुलं निवडायची, त्यांना फी माफ आणि वसतिगृहात जागा. पुढे त्यांचेच फोटो फाटकावर लागायचे, तेव्हा यात क्लासचाही स्वार्थ होताच. भगवतीच्या वडिलांनी तिला सांगून ठेवलं होतं की खास तुकडीत नाव आलं तर राहा, नाही आलं तर गाव.

चाचणी झाली. भगवतीचं नाव यादीत वर होतं. आदल्या चाचणीत ती कुठेतरी मधे होती. आणि तिच्या शेजारी बसलेला नितीन, जो नेहमीच वर असायचा, त्याची आणि तिची डीएसची उत्तरं पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी होती. बरोबर उत्तरं सारखी असायला हरकत नाही, बरोबर उत्तर एकच असतं. पण यांच्या चुकाही सारख्या होत्या. ज्या प्रश्नांवर तो चुकला, त्यांवरच ती चुकली, आणि दोघांनी चुकीचा पर्यायही तोच निवडला होता.

क्लासचे मालक राठौड सर. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दोन्ही उत्तरपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या आणि म्हणाले, "वानखेडेजी, यात काय बघायचं राहिलंय? पोरगी शेजारी बसली आणि उतरवून मोकळी झाली."

मी म्हटलं, "कदाचित. पण यावरून कुणीतरी उतरवलं असावं एवढंच वाटतं. कुणी, ते दिसत नाही."

"नितीन उतरवेल? नितीन?"

"तो हुशार आहे हे वेगळं विधान झालं, सर."

ते हसले. माझा विषय त्यांना ठाऊक होता आणि त्याचं हसू यायचं. "ठीक आहे. बोलून बघा दोघांशी. उद्या यादी लावायची आहे."

मी त्या चुकलेल्या प्रश्नांकडे परत एकदा बघितलं, आणि मला एक गोष्ट दिसली. ते सगळे 'हो की नाही' अशा धाटणीचे प्रश्न होते, आणि सगळ्यांचं खरं उत्तर ठामपणे 'नाही' असं येत होतं. उदाहरणार्थ, गाडी दहाच्या आधी जयपूरला पोहोचली का? विधान सांगतं की दहा वाजता गाडी अजून जयपूरच्या अलीकडे फुलेऱ्याला उभी होती. म्हणजे पोहोचली नाही. नक्की नाही. प्रश्नाचं उत्तर मिळालं, माहिती पुरेशी आहे. पण पुष्कळ मुलं इथे घसरतात. 'नाही' आलं की त्यांना वाटतं काहीतरी हुकलं, आणि ती 'अपुरी' लिहून टाकतात. ही या विषयातली जुनी खाच आहे. म्हणजे दोघांनी स्वतंत्रपणे एकच गोष्ट चुकीची समजून घेतली असेल, तर न बघताही चुका सारख्या येऊ शकत होत्या.

मी आधी नितीनला बोलावलं. गोरा, सडपातळ मुलगा, वडिलांचं मानसरोवरात मोबाइलचं दुकान. डीएस शिकवत होते तेव्हा तो कावीळ होऊन घरी पडला होता, हे मला आठवत होतं.

"हे प्रकरण तू कुठून शिकलास?"

"घरीच, मॅम. पुस्तकातून." तो खाली बघत होता.

गाडीचा प्रश्न मी त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तीच चूक केली आणि वर कारणही सांगितलं, की 'नाही' आल्यावर माहिती अपुरीच नाही का? मग मी सरळ विचारलं, "तू तिच्या कागदात बघितलंस का?"

"नाही, मॅम."

"तिनं तुझ्या?"

"मला दिसलं नाही." आणि मग काहीतरी बोलायला तोंड उघडून त्यानं मिटून घेतलं. मी वाट बघितली. मग त्याला जायला सांगितलं.

मग भगवती आली. ती बसायला तयार नव्हती. चाचणीनंतर वर्गात कुजबुज झालीच होती आणि तिच्या कानावर गेली होती. तिलाही मी तोच प्रश्न दिला आणि तिनंही तीच चूक केली.

"का अपुरी?" मी विचारलं. "गाडी फुलेऱ्याला उभी आहे. मग दहाच्या आधी पोहोचली का?"

"नाही."

"मग उत्तर मिळालं ना?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी सोपी गोष्ट विसरतेय. म्हणाली, "मॅम, हमारे यहाँ 'ना' कोई जवाब होता है क्या? 'ना' से तो बात शुरू होती है."

मला कळेना. मग ती बोलली, मला वाटतं पहिल्यांदाच सलग बोलली. आठवीनंतर शाळा पुढे नाही म्हणाले, तेव्हा ती रोज सकाळी दप्तर घेऊन दारात बसायची, दीड महिना, मग पाठवलं. कॉलेज नाही म्हणाले, मग काकांना मधे घातलं. जयपूर नाही म्हणाले, मग आईनं दोन दिवस जेवण सोडलं. "तिकडे 'नाही' म्हणजे अजून काही ठरलेलं नाही. कुणी 'हो' म्हटलं की मग ठरलं."

या चुकीचं असं कारण मी कधी ऐकलं नव्हतं. मी तिला समजावलं की परीक्षेत असं चालत नाही. इथे पक्कं 'नाही' हेही पक्क्या 'हो'इतकंच उत्तर आहे. कुणी 'नाही' म्हणालं की प्रश्न मिटला. तिनं ते ऐकून घेतलं, दुसरा प्रश्न दिला तो बरोबर सोडवला, तिसराही. आणि मग उभी राहून म्हणाली, "मी बघून लिहिलं नाही. एवढंच सांगू शकते."

"अजून काही सांगायचंय?"

"नाही."

त्या वेळी ते 'नाही' मला संपूर्ण वाटलं.

मी राठौड सरांना सांगितलं की दोघांचीही चूक एकाच गैरसमजातून आलेली आहे, दोघंही ती तोंडी तशीच करतात, तेव्हा यावरून उतरवलं असं म्हणता येत नाही. उतरवलं नाही असंही म्हणता येत नाही. दोघांची पुन्हा परीक्षा घ्या, वेगवेगळ्या खोल्यांत.

"एकदा फेरपरीक्षा घेतली की उद्या प्रत्येक आई-बाप दारात उभे राहतील," ते म्हणाले. "आणि तुम्ही म्हणता तसा गैरसमज एवढ्या मुलांत नेमका या दोघांचाच? तोही शेजारी बसलेल्या? छोड़िए, वानखेडेजी."

यादी लागली. नितीनचं नाव होतं, भगवतीचं नव्हतं.

घरी येऊन मी ऋचाला सांगितलं. ती भगवतीच्याच वयाची, नुकतीच एका कंपनीत लागलेली. जेवताना तिनं विचारलं, "आई, मतलब ती कॉपी करत होती की नव्हती?"

"माहीत नाही."

"त्या सरांना माहीत आहे?"

"त्यांनाही नाही."

"मग काढलं कसं?"

यजमान म्हणाले, "तिला पोळी वाढ गं." मी पोळी वाढली.

पुढच्या रविवारी सकाळी कानाराम क्लासवर आले. पांढरा सदरा इस्त्री केलेला, पण बोटांच्या पेरांत तेल मुरलेलं. ते मुलीला न्यायला आले होते. राठौड सर नव्हते, म्हणून शिपायानं त्यांना माझ्या रिकाम्या वर्गात आणून बसवलं. भगवती दाराशी उभी राहिली. उत्तरं चोरल्याची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती की नाही कोण जाणे. त्यांनी त्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. बाकावर अवघडून बसले आणि म्हणाले, "मैडमजी, सांची बताज्यो. छोरी की नौकरी लागसी के कोनी लागसी?" खरं सांगा, मुलीला नोकरी लागेल की नाही?

आमच्या धंद्यात या प्रश्नाचं एकच उत्तर असतं. फाटकावरच्या फलकापासून फोन उचलणाऱ्या मुलीपर्यंत सगळे तेच देतात. मीही ते देऊ शकले असते. दाराशी उभी असलेली ती मुलगी माझ्याकडेच बघत होती, आणि मी 'लागेल' म्हटलं असतं तर ते कदाचित तिला ठेवूनही गेले असते. पण जागा किती निघतील, पेपर कसा येईल, त्या दिवशी तिला ताप असेल की नसेल, यातलं मला काय ठाऊक होतं?

"सांगता येत नाही," मी म्हणाले. "जो कुणी 'नक्की लागेल' म्हणतो त्यालाही ठाऊक नसतं. पण तिच्यात ताकद आहे का असं विचाराल, तर ते मी सांगू शकते. आहे. इथे येतात त्यातल्या फार थोड्यांमध्ये एवढी असते."

त्यांनी पुष्कळ वेळ मान हलवली. मग उठले. "चालो बेटा."

भगवती हलली नाही. "नहीं, बापू."

"घरी चल. तिकडे बोलू. तुझी आई आहे, काका आहेत."

"बोलायचं नाही." तिचे शब्द सुटे सुटे येत होते. "लग्नाला माझी ना आहे. आणि आता परत यायलाही ना. मी उपाशी बसणार नाही, आईलाही बसू देणार नाही. कुणाला मधे घालणार नाही. फक्त ना आहे."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मी चार मार्कांच्या प्रश्नासाठी जे शिकवलं होतं ते ती अशी बाहेर काढेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. 'मी असं काही सांगितलेलं नाही' असं ओठांवर आलेलं वाक्य मी गिळलं, कारण ते खरं नव्हतं.

कानाराम जिना उतरून गेले. आम्ही दोघी खिडकीशी गेलो. ते खाली कचोरीच्या दुकानासमोर उभे राहिले, चहा घेतला, तो संपल्यावरही मातीचा कुल्हड हातात धरून उभेच होते. भगवती रडली नाही. खिडकीच्या गजावरचा रंग ती नखानं खरवडत होती, आणि तिच्या पायाशी निळ्या रंगाचे कपचे पडत होते.

ते परत वर आले आणि मला विचारलं, "फॉर्म कधी निघतात?"

मी सांगितलं.

"तोपर्यंत एकटी राहणार नाही. मी इकडे खोली घेतो."

आणि त्यांनी घेतली. सांगानेरच्या बाजूला एक खोली भाड्याने घेऊन बाप-लेक तिथे राहायला लागले. कारखाना शहराच्या त्या टोकाला, खोली या टोकाला. तो माणूस उजाडायच्या आत बस धरायचा आणि संध्याकाळी तेवढंच अंतर उलट कापून यायचा. येऊन भाजी फोडणीला टाकायचा, कारण मुलगी वाचत असायची. भगवती माझ्या साध्या तुकडीत बसायची आणि रविवारी सकाळी घरी यायची. ऋचा तिला इंग्रजी सांगायची. बदल्यात भगवतीनं तिला बाजरीचा खिचडा करायला शिकवलं, जो आमच्याकडे फक्त ऋचालाच आवडतो.

सगळं पुढे छान झालं असं नाही. पहिल्या परीक्षेत ती थोडक्यात राहिली. सोयरीक मोडली, आणि गावात कानारामांना पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं. एका चुलतभावाच्या लग्नाला त्यांना बोलावणंच आलं नाही. ते मला हे सांगत नसत. एकदाच म्हणाले, "आजकाल गाँव कम जाता हूँ, मैडमजी." नितीन खास तुकडीत होता, आमची वेळ वेगळी होती. जिन्यात दिसला की मान खाली घालून बाजूला व्हायचा. मला त्याचा राग यायचा आणि रागाला पुरेसा आधार नाही हेही कळायचं. तो पहिल्याच फेरीत बँकेत लागला आणि गुजरातेत गेला. फाटकावर त्याचा फोटो लागला.

भगवती दुसऱ्या खेपेला पास झाली. तहसील कचेरीत कारकून. नेमणूक गावापासून फार लांब नाही. फोटोसाठी राठौड सरांचा फोन गेला तेव्हा तिनं सांगितलं की फोटो नको. त्यांनी दोनदा विचारलं आणि मग सोडून दिलं.

या वर्षी मी क्लास सोडला. डोळे फळ्याला आता साथ देत नाहीत, आणि मुलं हल्ली मोबाइलवर माझ्यापेक्षा वेगानं बोलणाऱ्या मास्तरांकडून शिकतात. सोडल्यानंतर एका दुपारी भगवती आणि कानाराम घरी आले, मिठाईचा डबा घेऊन. यजमान आणि कानाराम बाल्कनीत बसले. दोघांना यंत्रांचं वेड, एकानं सिग्नलबद्दल सुरू केलं की दुसरा लेथवर यायचा. भगवती माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. आता साडी नेसते, चष्मा लागला आहे, कचेरीत लोक तिला 'मैडमजी' म्हणतात.

चहा ठेवता ठेवता मी म्हटलं, "एक विचारू? त्या चाचणीचं मला अजून कोडं आहे. तुम्ही दोघांनी ती एकच चूक कशी केली?"

तिनं बाल्कनीकडे बघितलं, पुढे झाली आणि सिंकचा नळ सोडला. पाण्याच्या आवाजात हळू बोलली.

"नितीनला डीएस मी शिकवलं होतं, मॅम. तो आजारातून उठून परत आला ना, तेव्हा. क्लासच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ, रोज संध्याकाळी. तो मला गणित शिकवायचा, मी त्याला डीएस. माझ्या डोक्यात जे चुकीचं होतं तेच त्याच्या डोक्यात गेलं."

"अगं, मग हे एक वाक्य सांगायचं होतंस! तेवढ्यानं सगळं मिटलं असतं."

"मिटलं असतं. तुम्ही राठौड सरांना सांगितलं असतं, आणि सरांनी बापूंना. मी रोज संध्याकाळी एका मुलाबरोबर गच्चीवर बसते." तिनं नळाखाली हात धरला, उगाचच. "चोर म्हटल्यावर बापूंनी मला काही विचारलं नाही. हे कळलं असतं तर एक दिवस ठेवलं नसतं."

"आणि नितीन?"

"तो सांगायला निघाला होता. दोनदा केबिनच्या दारापर्यंत गेला, मीच हात धरून मागे आणलं. शपथ घातली. खास तुकडीतही बसायला तयार नव्हता. मी म्हटलं, बस." ती जरा हसली. "दुसरं काही नव्हतं, मॅम. फक्त रीझनिंग."

मला त्या मुलाची जिन्यातली खाली घातलेली मान आठवली, आणि त्यानं तोंड उघडून मिटून घेतल्यावर मी वाट बघत बसले होते ते. चहा उकळून वर आला. भगवतीनं गॅस बारीक केला.

"आता तरी सांगितलंस का त्यांना?" मी बाल्कनीकडे खूण केली.

तिनं मान हलवली. नाही.

बाहेरून कानारामांची हाक आली, "भगवती, चाय बणगी के?"

तिनं नळ बंद केला, कप ट्रेमध्ये मांडले आणि मोठ्यानं म्हणाली, "लाई, बापू."